परसोंची सूट

शाळेत माझ्या निबंधातल्या एका शब्दाभोवती बाईंनी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता. शब्द होता 'परसों'. समासात त्यांनी 'परवा' लिहिलं, आणि खाली शेरा मारला : 'घरी मराठी बोलत जा.' आम्ही घरी मराठीच बोलत होतो. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या दोन खोल्यांत 'परसों' हा मराठीच शब्द होता, जसा 'हौ' होता आणि 'नक्को' होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मराठीतला परवासुद्धा मागचा की पुढचा ते विचारावंच लागतं, पण तो निदान दोन-चार दिवसांच्या आसपास घोटाळतो. हैदराबादच्या परसोंला तेवढंही बंधन नाही. 'परसोंच तो शादी हुई' असं म्हणणाऱ्याची मुलगी कॉलेजात असते. 'परसों आतूं' म्हणून गेलेला सुतार दाराला एकच बिजागरी लावून गेलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना त्याबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

या शब्दामुळे एका चांगल्या माणसाचं काम गेलं. शब्द त्याच्या नावावर लागला. लिहिला होता मी.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. आता लिहून झालंय, तर बाकीचं सावकाश सांगते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक मागे लागले, तेव्हा त्यांची अट एकच होती : तुम्ही कॉम्प्युटरवर नेमकं काय करता ते सोपं करून सांगा. त्यांचं म्हणणं, आपल्या मंडळातल्या अर्ध्या घरांतली मुलं हेच करतात आणि आईवडील पाहुण्यांना 'आयटीत आहे' एवढंच सांगून चहा पुढे करतात. तर सांगते.

पूर्वी एखादा प्रोग्राम एका मशिनवर चालायचा आणि दुसऱ्यावर नेला की रुसायचा. म्हणून आता प्रोग्राम, त्याला लागणारं सगळं सामानसुमान, असं एकत्र बांधून सीलबंद डबा करतात. इंग्रजीत त्याला कंटेनर म्हणतात, आम्ही आपसात डबाच म्हणायचो. असे हजारो डबे सांभाळणारी एक मोठी इमारत असते, तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. कुठला डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, एखादा कलंडला तर दुसरा कधी लावायचा, हे ती इमारत स्वतःच बघते. माझं काम या इमारतीच्या फाटकावरचं. डबा आत येताना त्याला विचारायचं : तुला कुणी बांधलं? तुझ्या सामानात माहीत असलेलं एखादं भोक आहे का? पोटात कुणाचा पासवर्ड विसरून राहिलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू इमारतीच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा मागतोयस का? नीट उत्तरं आली नाहीत की डबा परत.

पूर्वी हे प्रश्न शेवटी, सगळं तयार झाल्यावर एका कागदावर विचारले जायचे आणि सगळे जण सगळ्यांपुढे 'होय' लिहायचे. आम्ही प्रश्न कागदावरून काढून फाटकात बसवले. 'होय' लिहून भागत नाही, फाटक उघडत नाही. आणि कोण कधी आत आलं, कुणाला का परत पाठवलं याची नोंद आपोआप होते, म्हणजे ऑडिटर आल्यावर फायली शोधत धावाधाव नको.

तरी ऑडिटर ते ऑडिटरच. एक वयस्कर गृहस्थ आले होते. प्रत्येक डब्यावर एक डिजिटल सही असते, ती फाटक तपासतं, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, सही दिसली, पण शिक्का कुठाय? शेवटी त्या सहीचे आकडे कागदावर छापले आणि खाली आपिसाचा गोल शिक्का मारला. ते प्रसन्न झाले. त्यांना हसायचा मला काही अधिकार नव्हता, हे पुढे येईलच.

आणखी एकदा फाटकानं एक डबा नुसत्या वजनावरून अडवला. उघडून पाहिला तर आत एका इंजिनिअरच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा अख्खा व्हिडिओ. 'या फोल्डरमधलं सगळं घे' असं त्यानं डब्याला सांगितलं होतं, डब्यानं ऐकलं. आम्ही केक कापेपर्यंत पाहिला आणि मग नियमाप्रमाणे परत पाठवला.

आता फाटक म्हटलं की सूट आली. आमच्या बरकतपुऱ्याच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमनला सांगतात ना, या रंगाऱ्याला दोन दिवस सही न घेता सोड, तसं. एखादा डबा नियमात बसत नाही, पण त्याच्यावाचून अडलंय, तर फाटकाला लिहून द्यायचं की याला सोड. सूट लिहिताना तिला काहीतरी नाव द्यावं लागायचं. बस, एवढंच. तारीख लागायची नाही. आणि लिहिणाऱ्याचं नावही कळायचं नाही, कारण आमच्या चौघांचं मिळून एक सामायिक खातं होतं, चावी पायपुसण्याखाली ठेवावी तसं. दुसऱ्यांच्या कुलपांवर देखरेख करणाऱ्यांचं हे घर.

चौघांत सगळ्यांत जाणते फारूकभाई. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, अंबरपेठचे. फाटकाचे अर्धे नियम त्यांच्या हातचे. त्यांना कुठलंही काम सांगा, पहिलं उत्तर 'परसों' आणि काम मात्र त्याच संध्याकाळी तयार. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही एक चहाचा मग छापून घेतला होता, त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, परसों : PARSON. मी मात्र गटातली 'टीचर'. कुणी नोंदीत स्पेलिंग चुकवलं की दुरुस्त करायची. शाळेतल्या त्या लाल गोलानंतर मी बाहेर फार जपून बोलायला शिकले होते. आपिसात माझ्या तोंडून 'परसों' कुणी कधी ऐकला नव्हता.

आमचं सॉफ्टवेअर इस्पितळांसाठी होतं. त्यातला एक डबा रक्त-लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट तयार करायचा. त्याची नवी आवृत्ती एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे त्याच दिवशी, शनिवारी, सुरू व्हायची होती आणि फाटक तिला सोडेना, कारण ती अख्खा जुडगा मागत होती. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. आमचे प्रमुख श्रीनिवास गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी') खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दोनच दिवस ना, वसुधा गारू, म्हणाले, सोमवारी काढून टाका.

मी सूट लिहायला घेतली आणि आईचा फोन आला. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरत होतं. डॉक्टरकडे कधी नेतेस, हे ती त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारत होती. मी फोन खांद्यानं कानाशी दाबून म्हटलं, परसों नेते आई, परसों. बोटं नावाच्या चौकटीवर होती. बोटांनी तेच लिहिलं. parson. मला वाटलं, चला, बरोबरच आहे, परवा सोमवार. एंटर दाबलं.

सोमवारी मी रजेवर, आईबरोबर. पुढचे दहा दिवस तिच्या डोळ्यांत थेंब घालण्यात गेले. दुरुस्ती करणाऱ्यांनी पाहिलं की डबा नीट चालतोय, मग कशाला हात लावा. सूट तशीच राहिली, सात महिने.

मग एका सकाळी कळलं की बाहेरचं कुणीतरी त्या डब्यातल्या एका जुन्या भोकातून आत आलंय आणि हातात जुडगा आयता मिळाल्यामुळे इमारतभर फिरतंय. आमच्या मशिनांवर त्यांनी आपली कामं लावली होती. कुणाचे रिपोर्ट चोरीला गेले नाहीत, हे तपासात निघालं. पण तो सगळा विभाग दोन दिवस बंद ठेवावा लागला. इस्पितळांनी रिपोर्ट हातानं लिहिले, काही ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. कुणाला इजा झाली नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. मी ते कधी पडताळून पाहिलं नाही. भीतीनं.

चौकशीची बैठक झाली. पडद्यावर गिऱ्हाइकाकडून एक परदेशी बाई होत्या. त्यांनी सूट वाचली आणि गंभीरपणे विचारलं, हे पार्सन कोण? त्यांना या बैठकीला बोलावलंय का? इंग्रजीत पार्सन म्हणजे चर्चमधला पाद्री. खोलीत खसखस पिकली. श्रीनिवास गारूंनी समजावलं की पार्सन नव्हे, परसों, आमच्याकडचा शब्द आहे. आणि हे बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. सगळ्यांचीच गेली. फारूकभाईंच्या पुढ्यात तो मग होता.

फारूकभाईंनी तो उचलला, त्यावरचा शब्द पाहिला, पडद्यावरचा शब्द पाहिला.

"मेराच होंगा," ते म्हणाले. "मेरे सिवा कौन लिखता परसों."

त्या आठवड्यात त्यांनीही दहा वेळा सूट लिहिली होती, तेव्हा त्यांनाही ते खरं वाटलं. खातं सामायिक, त्यामुळे नोंदीत नाव नव्हतं. मी त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर होते. एवढंच म्हणायचं होतं की आमच्या घरीही परसोंच म्हणतात. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. टीचर परसों कशाला लिहील?

का गप्प बसले याची कारणं मी चार वर्षं गोळा करत होते, त्यातलं एकही इथे मांडण्यासारखं नाही. भीती वाटली, आणि गप्प बसणं मला जन्मापासून येतं. नंतर सांगू, असं ठरवलं. नंतर म्हणजे कधी, हे सांगायला नको.

फारूकभाईंना फाटकावरून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. गटाचं प्रमुखपद त्यांना मिळायचं होतं, ते मला मिळालं. वर्षभरानं त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला केक आणला होता. आपला चहाचा मग ते घेऊन गेले नाहीत. तो मी घरी आणला आणि भांड्यांच्या मागे ठेवला.

आणि मग मी माझ्या नोकरीतलं सगळ्यांत चांगलं काम केलं. सामायिक खातं बंद केलं. फाटकात असं बसवलं की सूट हवी तर आपल्या खात्यातून, आपल्या नावानं, कारण लिहून आणि संपायची तारीख घालून. चौदा दिवसांच्या पुढची तारीख फाटक घेतच नाही, आणि तारीख उलटली की सूट आपोआप पुसली जाते, मग कुणाच्या खुर्चीमागे कुणीही उभं राहो. लोकांनी शिव्या घातल्या, ऑडिटरांनी कौतुक केलं, इतर शहरांतल्या आपिसांनी ते उचललं. मला एक ढाल मिळाली. एका सभेत कुणीतरी विचारलं, ही कल्पना कशी सुचली? अनुभवातून, मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती ढाल मी कपाटात पाठमोरी ठेवली होती.

यंदा उन्हाळ्यात श्रावणी नावाची एक मुलगी आमच्या गटात नवी आली. पहिल्या आठवड्यात मी तिला सूट लिहायची चौकट दाखवत होते, तर ती म्हणाली, हे मला माहितीये मॅडम, आमच्या क्लासात शिकवलंय. अंबरपेठला फारूक सर म्हणून आहेत. प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ते स्वतःची गोष्ट सांगतात. त्यांनी तारीख न घालता परसों लिहिलं आणि इस्पितळं बंद पडली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, 'परसों नक्को, तारीख डालो.' आम्ही खूप हसलो होतो मॅडम, ती म्हणाली, पण सर हसले नव्हते.

मी तिला म्हटलं, पाणी पिऊन येते.

म्हणजे माझी चूक तो माणूस दर बॅचला आपली म्हणून फळ्यावर लिहीत होता. त्याच रविवारी सकाळी मी रिक्षा करून अंबरपेठला गेले. लोखंडी सामानाच्या दुकानावर क्लास होता. मुलं उतरत होती. फारूकभाई फळा पुसत होते. दाढी पांढरी झाली होती. मला बघून म्हणाले, अरे मॅडम, रस्ता भूले क्या? आणि खालच्या हॉटेलातून चहा मागवला. चहा येईपर्यंत ते आईच्या डोळ्यांची चौकशी करत होते. आता नाही बोलले तर परत जाईन, हे मला माहीत होतं. उभ्या उभ्याच बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपिसातल्या माणसाशी आमच्या गल्लीच्या बोलीत बोलले.

"वो परसों मैं लिखी थी, फारूकभाई. आप नै."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. कधी, कुठे बसून, कुणासाठी, सगळं विचारलं, एखाद्या बिघाडाचा माग काढावा तसं. मी शनिवार सांगितला, आईचा फोन सांगितला, श्रीनिवास गारू मागे उभे होते ते सांगितलं. ऐकता ऐकता ते बाकावर बसले.

"मेरेकु याद नै आता था," ते म्हणाले. "बाकी दस याद थे मॅडम. कौन-सा किसके वास्ते लिखा, सब. वो एकच याद नै आता था. मैं समझा, अब्बा का मर्ज मेरेकु लग गया."

त्यांच्या वडिलांची गोष्ट मला माहीत होती. शेवटच्या वर्षांत त्यांना काही आठवत नसे. स्वतःच्या अंगणात बसून ते लोकांना आपलं घर कुठाय विचारायचे. फारूकभाईंना आपण सूट लिहिल्याचं आठवत नव्हतं, पण शब्द आपला, म्हणजे लिहिली असणारच, मग आठवत का नाही? डॉक्टरांनी तपासून काही नाही सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. दोन चांगल्या ठिकाणांहून बोलावणं आलं, ते गेले नाहीत. ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही त्यानं किल्ल्या हातात घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षं रोज सकाळी उठल्या उठल्या ते भावाबहिणींची आणि त्यांच्या मुलांची नावं मनात मोजत होते, एखादं सुटलं का म्हणून.

मी आले होते ते एका नोकरीची कबुली द्यायला. हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी फोन लावला. पलीकडे त्यांच्या बेगम असाव्यात. सुनो, ते म्हणाले, वो मैं नै लिखा था. मग थोडं थांबून पुन्हा : हौ, मैं नै. फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत हे मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. वळले तेव्हा चेहरा स्वच्छ होता, तोंड धुऊन आल्यासारखा. मग राग आला. तो येणारच होता.

"चार बरस, मॅडम."

मी हौ म्हटलं.

"आपिस में कब बोलींगे?"

उद्या, सोमवारी, अकराच्या बैठकीत, मी सांगितलं. त्यांनी खडू उचलला, नुकत्याच पुसलेल्या फळ्यावर ती तारीख लिहिली आणि पुढे माझं नाव. मग खडू ठेवून हात झटकले. चहा तोवर निवला होता. दोघांनीही तो संपवला.

सोमवारी बैठकीत मी बोलले. श्रीनिवास गारूंनी सगळं ऐकून तेलुगूत एवढंच विचारलं, इप्पुडु एंदुकु, आता का? म्हणजे मिटलेलं कशाला उकरता. माझं उत्तर समोरच बसलं होतं : माझी चूक दुसऱ्याच्या नावानं शिकून आलेली श्रावणी. मी अट घातली की चार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत दुरुस्ती व्हायला हवी आणि फारूकभाईंना कंपनीचं लेखी पत्र जायला हवं. झालं तसं. प्रमुखपद गेलं. ज्या दिवशी मी माझ्याकडच्या किल्ल्या परत केल्या त्या दुपारी घरी येऊन जेवले आणि पाच वाजेपर्यंत झोपले. अशी झोप मला बाळंतपणानंतर लागली नव्हती. आता मी फाटकावरच आहे, पण इतरांसारखीच एक. ढाल परत दिली. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे चूक माझी, मीच नेमका तेव्हा फोन केला. तिला ती चूक आपल्या नावावर लावून घ्यायची होती. लावू दिलं नाही.

कंपनीनं फारूकभाईंना परत बोलावलं होतं. त्यांनी नको म्हटलं, क्लास चांगला चाललाय. एका इस्पितळाच्या फाटकाचं काम मात्र हल्ली घरून बघतात. किल्ल्या घेतल्या हातात. श्रावणीच्या धाकट्या भावानं नव्या बॅचला नाव घातलंय, तो सांगत होता की सर अजून ती गोष्ट सांगतात, फक्त आता 'हमारे साथ एक मॅडम थे' अशी सुरुवात करतात. नाव सांगत नाहीत.

पत्र पोचलं का विचारायला मी त्यांना फोन केला होता. पोचलं, म्हणाले. बेगमनं ते फ्रेम करून लावलंय. तुमचा मग माझ्याकडे आहे, मी म्हटलं. असू दे, म्हणाले, तुमचाच निघाला तो. शेवटी मी विचारलंच, फारूकभाई, माफ केलंत का?

फोनवर पंख्याचा आवाज येत होता.

"माफी का," ते म्हणाले, "परसों देखींगे."

फाटकात माझ्या नावानं आज एकही सूट नाही. ही एवढी एकच आहे, बिनतारखेची, आणि ती मी नियम मोडून तशीच ठेवली आहे.